पाचाचे दोन होतात तेव्हा: बालक-कुटुंब कार्यक्रमाचा सामाजिक परतावा कसा काढावा

मी संस्थांसाठी मूल्यमापनाचं काम करते. गृहभेटी, पालक-मार्गदर्शन, पाळणाघरं अशा कार्यक्रमांचे अहवाल माझ्या टेबलावर येतात. जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक गुणोत्तर ठळक छापलेलं असतं: एकाला पाच, एकाला नऊ, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे समाजाला पाच किंवा नऊ रुपयांचा लाभ. मी ते पान उलटून थेट शेवटच्या तक्त्याकडे जाते. काय वजा केलंय ते तिथे कळतं, आणि बऱ्याचदा काहीच केलेलं नसतं.

सामाजिक परतावा असा गुणोत्तरात मांडायची ही पद्धत १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आरईडीएफ या निधीने रुजवली. पुढे ब्रिटनच्या कॅबिनेट ऑफिसच्या पाठबळाने २००९ साली तिची मार्गदर्शिका निघाली. तिच्यातल्या तत्त्वांपैकी एक मी नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगते: फुगवून दावा करू नका.

सुरुवात खर्चापासून करा, पण फक्त बँकेतून गेलेला पैसा धरून थांबू नका. स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली खोली, आणि जो कुणीच मोजत नाही तो पालकांचा वेळ, हे सगळं खर्चात येतं. सत्राला यायला आईने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवली असेल, तर ती तुमच्या कार्यक्रमातली गुंतवणूकदार आहे.

मग बदल ठरवा. 'इतकी सत्रं घेतली, इतके पालक आले' हा बदल नव्हे, ते तुम्ही केलेलं काम झालं. मुलाला मार बसणं थांबलं का, बाप गोष्ट वाचून दाखवू लागला का, मूल शाळेत टिकलं का, हे विचारा. आणि विचारा कुटुंबांनाच. शिवाय नको असलेले बदलही नोंदवा. कार्यकर्ती घरी जाऊ लागली की पूर्वी झाकलेले छळाचे प्रकार दिसू लागतात, पहिल्या वर्षी तक्रारी वाढू शकतात. ते अपयश समजून गाळलं की पुढचे आकडे कशाच्या आधारावर उभे आहेत तेच कळत नाही.

आता वजाबाकी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० कुटुंबं कार्यक्रमात होती, वर्षाअखेर ६० कुटुंबांत ठोस सुधारणा दिसली. आपली प्रतीक्षायादी बघा: कार्यक्रम न मिळालेल्या १०० पैकी २० कुटुंबं तशीही सुधारली. म्हणजे उरली ४०. या ४० घरांत आजी होती, शिक्षिका होती, आरोग्यसेविका होती. कुटुंबांशी बोलल्यावर साधारण पाव श्रेय त्यांच्याकडे जातं असं दिसलं. उरली ३०. परिणाम दरवर्षी २० टक्क्यांनी ओसरतो असं धरलं, तर तीन वर्षांत ३०, २४ आणि १९ मिळून साधारण ७३ 'कुटुंब-वर्षं' (एका कुटुंबात एक वर्ष टिकलेली सुधारणा म्हणजे एक) तुमच्या खात्यात. वजाबाकी न करता ६० गुणिले ३, म्हणजे १८० लिहिली असती. ज्या अहवालात एकाला पाच छापलं होतं, तिथे आता एकाला दोन येतं. संचालकांचा चेहरा पडतो. पण एकाला दोन हा मुळात चांगला आकडा आहे, आणि उलटतपासणीत टिकतो.

पुढे येणारा लाभ आजच्या किमतीत आणायचा असतो, ते विसरू नका. मुलांच्या कार्यक्रमात ही पायरी जीवघेणी ठरते, कारण फळ वीस-वीस वर्षांनी येतं. वार्षिक ३.५ टक्के दराने वीस वर्षांनंतरचे १०० आज जेमतेम ५० होतात. ७ टक्क्यांनी २६. म्हणून दर कोणता घेतला ते लिहाच.

दुसऱ्यांचे आकडे उसने घेताना तर फार जपा. मिशिगनमधल्या पेरी बालवाडीचा दाखला सगळे देतात: १९६२ साली सुरू झालेला प्रयोग, १२३ मुलं, चाळिशीपर्यंतचा पाठपुरावा, एका डॉलरला १६ डॉलरांहून जास्त. त्यातले सुमारे १३ डॉलर समाजाच्या वाट्याचे, आणि त्या वाट्यातला ८८ टक्के भाग गुन्हे कमी झाल्याचा. तुमच्या भागात गुन्ह्यांचं आणि तुरुंगांचं चित्र तसं नसेल, तर तो आकडा तुमचा नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा तपासून वार्षिक ७ ते १० टक्के परतावा काढला. मला तो जास्त पटतो.

कुणासाठी काम केलं यावरही परतावा ठरतो. परिचारिकांच्या गृहभेटींच्या अमेरिकी कार्यक्रमाचा रँड या संशोधन संस्थेने २००५ साली हिशेब मांडला: जास्त जोखमीच्या कुटुंबांत एका डॉलरला ५.७०, कमी जोखमीच्या कुटुंबांत १.२६. कार्यक्रम तोच. तेव्हा सहज येणारी कुटुंबं भरून संख्या वाढवाल, तर परतावा तुम्हीच खाली आणाल.

सरकारची बचत दाखवताना एक गफलत फार होते. एक मूल बालगृहात जाण्यापासून वाचलं म्हणून बालगृहाचा माणशी सरासरी खर्च 'वाचला' असं लिहितात. इमारत आणि पगार तसेच चालू राहतात. खरं वाचतं ते त्या मुलाचं जेवण, कपडे, औषधं. बरीच मुलं वाचून एखादं केंद्रच बंद झालं, तर गोष्ट वेगळी. आणि बचत कुणाच्या खिशात पडली तेही लिहा. खर्च बालकल्याण खात्याचा, फायदा आरोग्य आणि पोलीस खात्याचा, असं नेहमी होतं. म्हणूनच पहिलं खातं हात आखडतं.

काही गोष्टींना किंमत लावू नये असं माझं मत आहे. मुलाची रात्रीची भीती गेली, हे आईच्या शब्दांत लिहा, पैशात नको. वाचणारा त्यावर अडत नाही.

शेवटी एकच आकडा देऊ नका, पल्ला द्या. सगळ्यात डळमळीत गृहीतक कोणतं ते शोधा (बहुधा ओसरण्याचा दर), तो २० ऐवजी ४० टक्के धरून पुन्हा हिशेब करा आणि दोन्ही उत्तरं शेजारी छापा. वर्षभराने खरा दर मोजायचा असेल, तर कार्यक्रम अर्ध्यावर सोडलेल्या कुटुंबांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने आत्ताच जपून ठेवा. पूर्ण करणारे सापडतातच. हे सापडत नाहीत.