ॲनोमली स्कॅनच्या वेळी नाळेविषयी काय विचारावे

अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांतील ॲनोमली स्कॅनचा (बाळातील व्यंगे शोधणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात आला की त्यात दोन गोष्टी आवर्जून शोधाव्यात: नाळेत रक्तवाहिन्या किती आहेत आणि नाळ वारेला (प्लॅसेंटाला) नेमकी कुठे जोडलेली आहे. त्यांचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना विचारावे. 1994च्या कायद्याने बाळाचे लिंग सांगण्यास बंदी आहे, नाळेविषयी विचारण्यास नाही. तेव्हा संकोच बाळगू नये.

नाळेत सहसा दोन रोहिण्या आणि एक नीला असते. एकच रोहिणी दिसली, तर बाळाचे हृदय व मूत्रपिंडे बारकाईने तपासून घ्यावीत. अन्य दोष नसेल तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात, मात्र शेवटच्या तिमाहीत वाढ मोजणारा स्कॅन करावा. गळ्याभोवती नाळेचा वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि केवळ तेवढ्यासाठी सिझेरियन करण्याचे कारण नाही.

खरी काळजी वासा प्रिव्हियाची घ्यावी. यात बाळाच्या रक्तवाहिन्या नाळेच्या संरक्षणाविना, नुसत्या पडद्यातून गर्भपिशवीच्या तोंडावरून जातात, आणि पाणमोट फुटताना त्या फाटल्या तर वाहणारे रक्त आईचे नसून बाळाचे असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर, त्यामुळे हाताशी फार थोडी मिनिटे उरतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 155 गर्भारपणांच्या अभ्यासात, निदान आधी झालेल्यांपैकी 97 टक्के बाळे वाचली, न झालेल्यांपैकी 44 टक्केच. एका तपासणीने एवढा फरक पडतो, म्हणूनच हा आग्रह.

वार खाली असेल (पुढे ती वर सरकली तरीही), वार दोन भागांची असेल, जुळी असतील किंवा गर्भधारणा आयव्हीएफने झाली असेल, तर योनीमार्गे कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या) सोनोग्राफीची मागणी करावी. निदान झाल्यास सुमारे बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा तपासावे, कारण काही वेळा वाहिन्या तोंडापासून दूर जातात. त्या तिथेच असतील, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि कळा सुरू होण्यापूर्वी, साधारणपणे 34 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान, नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात सिझेरियन ठरवतात. रिपोर्ट सतत जवळ ठेवावा. रक्त दिसले, पाणी गेले किंवा कळा आल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठून पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरांना, आतून तपासणी होण्यापूर्वीच, वासा प्रिव्हिया असल्याचे सांगावे.