आनुवंशिकतेची गणितं: आधी आई-बाप ओळखा, चौकट नंतर

बारावीच्या पेपरात, सीईटीत किंवा कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला आनुवंशिकतेचं गणित आलं की हात आधी पनेट चौकटीकडे (आई-बापाचे अलील आडवे-उभे मांडून संतती काढायचा तक्ता) जातो आणि तिथंच घोटाळा होतो. चौकट फक्त गुणाकार मांडून दाखवते. आई-बापाचा जीनोटाइप (जनुकांची जोडी) चुकला असेल, तर सोळाच्या सोळा घरं नीट भरूनही उत्तर चुकतंच. म्हणून गणिताचा निम्म्याहून जास्त वेळ आई-बाप ओळखण्यात घालवा.

अक्षरांचं आधी ठरवून घेऊ. अलील म्हणजे एका जनुकाचं एक रूप. इथे दीर्घ स्वर म्हणजे प्रभावी अलील (एकच असला तरी लक्षण दिसतं) आणि त्याच जोडीतला ऱ्हस्व म्हणजे अप्रभावी (दोन्ही असले तरच दिसतं): आ-अ, ऊ-उ, ई-इ. वहीत तुम्ही मोठी आणि लहान रोमन अक्षरं वापराल, तेव्हा सी, एस, डब्ल्यू टाळा. घाईत मोठं कुठलं नि लहान कुठलं ते कळत नाही. ए, बी, जी, आर बरी. एका जनुकाला एकच अक्षर द्या. उंचीसाठी टी आणि बुटकेपणासाठी डी लिहिलंत, की दोन ओळींत एका जनुकाची दोन जनुकं होतात.

अप्रभावी जीव शोधा

प्रभावी लक्षण दिसतं तो आआ असेल किंवा आअ. अप्रभावी लक्षण दिसतं तो मात्र अअच. त्याला एक अ आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो, आणि त्याच्या प्रत्येक पिल्लाला तो अ देतोच. एका जीवावरून मागची आणि पुढची, दोन्ही पिढ्या उलगडतात.

माण, आटपाडी, जत भागातली लांब शिंगांची खिलार गाय घ्या. गुरांमध्ये बिनशिंगी असणं प्रभावी, शिंगं असणं अप्रभावी. एका परदेशी जातीचा बिनशिंगी वळू चार खिलार गायींना दाखवला. तीन वासरं बिनशिंगी झाली, एक शिंगाचं. (हे गणितापुरतं. शुद्ध खिलार राखणाऱ्यानं असा संकर करू नये.) वळूचा जीनोटाइप काय?

गायी अअ. शिंगाचं वासरू अअ, म्हणजे त्यातला एक अ वळूकडूनच आला. वळू आअ ठरला, तिन्ही बिनशिंगी वासरं आअ ठरली. चौकट काढावीच लागली नाही.

इथला सापळा नीट बघा. 'तीनास एक' दिसलं की बरेचजण आई-बाप दोघंही आअ लिहून मोकळे होतात. पण आअ × अअ मध्ये अपेक्षा 1:1 ची असते, आणि चार वासरांत नेमकी तीन बिनशिंगी येण्याची शक्यता 4/16, म्हणजे चारातून एकदा असतेच. संख्या लहान असेल तर गुणोत्तरावर विसंबू नका. आई-बाप काय दिसतात ते बघा.

समजा सगळीच वासरं बिनशिंगी झाली, तर वळू शुद्ध का? खात्री कधीच होत नाही, शंका कमी होत जाते. वळू आअ असूनही सलग 5 वासरं बिनशिंगी होण्याची शक्यता 1/32, सलग 7 होण्याची 1/128. उलट एकच शिंगाचं वासरू झालं, की निकाल लागला. प्रत्यक्ष गोठ्यात मोजताना एक अडचण येते: काही वासरांना कवटीला न चिकटलेली, हलणारी खुरटी शिंगं येतात. ती वेगळ्या जनुकामुळे येतात, त्यांना शिंगाच्या वासरांत धरू नका.

गॅमीट लिहिताना

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. प्रत्येक गॅमीटमध्ये (शुक्रपेशी किंवा अंडपेशी) प्रत्येक जोडीतलं एकच अक्षर जातं. आअऊउ पासून आऊ, आउ, अऊ, अउ हे चार प्रकार होतात. 'आअ' आणि 'ऊउ' असं लिहिलंत, तर पुढचं सगळं वाया. प्रकार किती होतील ते आधीच काढा: मिश्र जोड्या जितक्या, तितक्या वेळा 2 चा गुणाकार. आआऊउ मध्ये मिश्र जोडी एकच, म्हणून प्रकार दोनच.

तीन जोड्या आल्या की 64 घरांच्या वाटेला जाऊ नका. जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील, तर प्रत्येक जोडी सुटी सोडवा आणि गुणा. आअऊउईइ × आअउउईइ मध्ये तिन्ही लक्षणं अप्रभावी असणारी संतती किती? 1/4 × 1/2 × 1/4 = 1/32. जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील, तर हा गुणाकार चालत नाही. तिथे क्रॉसिंग ओव्हरची (जोडीतल्या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलण्याची) टक्केवारी लागते.

वंशावळ

दोन निरोगी आई-बापांच्या पोटी बाधित मूल दिसलं, की लक्षण अप्रभावी. मग बाधित मुलगी शोधा. तिचे वडील निरोगी असतील, तर एक्स गुणसूत्रावरचं अप्रभावी लक्षण बाद, कारण मुलीचा एक एक्स वडिलांकडूनच येतो. बाधित आईचा मुलगा निरोगी असला, तरीही बाद. हिमोफिलियासारख्या एक्सवरच्या लक्षणात बाधित मुलाच्या काका-आत्यांकडे बघून उपयोग नाही. मामा, मावसभाऊ आणि आईचे वडील तपासा. वडील मुलाला वाय देतात, एक्स नाही.

आता हमखास विचारलं जाणारं गणित. रंगहीनता अप्रभावी आहे (त्वचा-केसांत रंगद्रव्य नसणं; ही जन्मजात असते, कोड वेगळं, दोन्हींत गल्लत नको). एका निरोगी पुरुषाचे आई-बाप निरोगी, पण बहीण रंगहीन. त्याची बायको निरोगी, तिचे वडील रंगहीन. पहिलं मूल रंगहीन होण्याची शक्यता किती?

बहीण अअ, म्हणून पुरुषाचे आई-बाप दोघंही आअ. त्यांची मुलं 1 आआ : 2 आअ : 1 अअ. हा पुरुष निरोगी आहे हे डोळ्यांना दिसतंय, म्हणजे अअ हे घर खोडलं. उरली तीन घरं, त्यांत वाहक (आअ, स्वतः निरोगी) दोन. वाहक असण्याची शक्यता 2/3 आहे, 1/2 नव्हे. बायको वडिलांमुळे नक्की आअ, शक्यता 1. उत्तर 2/3 × 1 × 1/4 = 1/6.

पुढचा प्रश्न: पहिलं मूल रंगहीन झालं, तर दुसऱ्याचं काय? आता 1/6 लिहू नका. पहिल्या मुलानं पुरुष वाहक असल्याचं सिद्ध केलं, त्यामुळे 2/3 च्या जागी 1 आला आणि उत्तर 1/4 झालं.

मामेबहिणीशी लग्न दाखवलं असेल, तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ काढा आणि दोघांना समान असलेल्या आजोबांपासून खाली या. आजोबा वाहक आणि बाहेरून आलेले बाकी सगळे आआ असतील, तर प्रत्येक पायरीला 1/2. नवऱ्यापर्यंत दोन पायऱ्या, बायकोपर्यंत दोन, म्हणून दोघंही वाहक असण्याची शक्यता 1/16, आणि मूल बाधित होण्याची 1/64.

गुणोत्तर जुळत नसेल तर

दुसऱ्या पिढीत 9:7, 9:3:4, 12:3:1 किंवा 15:1 दिसलं तर बेरीज करा. 16 आली म्हणजे दोन जनुकं आहेत, दोन मिश्र जोड्यांच्या नेहमीच्या 9:3:3:1 चेच गट एकत्र झालेत. 2:1 दिसलं, तर शुद्ध प्रभावी जीव जन्माआधीच मरतात का ते बघा. पिवळ्या उंदरांचं हेच प्रसिद्ध उदाहरण.

आकडे खरंच जुळतात का, हे काय-वर्ग चाचणीनं तपासा. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलनं 1866 साली छापलेले वाटाण्याचे आकडे: 315, 108, 101, 32, एकूण 556. 9:3:3:1 नुसार अपेक्षित 312.75, 104.25, 104.25, 34.75. प्रत्येक फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित, मग बेरीज: सुमारे 0.47. चार गटांसाठी 5 टक्के पातळीची मर्यादा 7.82, म्हणून गृहीतक टिकतं. दोन गट असतील तर मर्यादा 3.84. सूत्रात मोजलेले आकडेच टाका. टक्के टाकलेत, तर 50 रोपं आणि 5,000 रोपं सारखीच वजनदार ठरतात.

प्रोजेक्टसाठी आसपास मुबलक आहे म्हणून ऊस निवडू नका. त्याच्या पेशीत शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त गुणसूत्रं असतात, एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात, आणि दोन अलीलचं साधं गणित तिथे लागू पडत नाही. हळद कंदावर लावतात, त्यामुळे नवं झाड जुन्याचीच प्रत असतं आणि मोजायला अलीलची विभागणीच होत नाही. रंगीत दाण्यांचं मक्याचं कणीस मिळालं तर ते घ्या: एकाच कणसावर शेकडो दाणे, प्रत्येक दाणा वेगळं अपत्य, आणि रंग टाचणी टेकवत एका बैठकीत मोजून होतो.