रोममधल्या घरगुती त्रात्तोरियात जेवायला जाताना

त्रात्तोरिया म्हणजे आपल्याकडच्या भाषेत खानावळ. घरचीच माणसं चालवतात: कुणी चुलीपाशी, कुणी टेबलांवर, कुणी गल्ल्यावर. टेबलं मोजकी आणि मेन्यूही छोटा. अशा ठिकाणी उत्तम जेवायचं असेल, तर आपण त्या घराच्या वेळेला जायचं आणि काय चालतं, काय चालत नाही हे ऑर्डर देतानाच नेमकं सांगायचं.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं. मुलं संध्याकाळी सहालाच भुकेने रडकुंडीला येतात. त्यांना पाचच्या सुमारास ‘पित्सा आल ताल्यो’च्या दुकानातून पिझ्झा घेऊन द्या, तिथे हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतात. मग आठ वाजता सगळे शांतपणे जेवू शकतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे तर कित्येक त्रात्तोरिया दोन-तीन आठवडे बंदच राहतात. रात्रीचं टेबल आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि दिलेली वेळ पाळा.

मेन्यूचा क्रम असा: आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचे पदार्थ, प्रीमो म्हणजे बहुधा पास्ता, सेकोन्दो म्हणजे मांस किंवा मासे, कोन्तोर्नो म्हणजे भाजी, शेवटी दोल्चे म्हणजे गोड. सगळं मागवायलाच हवं असं नाही. माणशी एक प्रीमो आणि दोघांत एक कोन्तोर्नो एवढ्यात पोट भरतं. मात्र चौघांत मिळून एकच पास्ता मागवू नका. प्लेटमध्ये एका माणसापुरताच, साधारण ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता असतो. लहान मुलांसाठी ‘पास्ता इन बियान्को’ मागा. तो मेन्यूवर नसला तरी लोणी किंवा ऑलिव्ह तेल आणि चीज घालून करून देतात.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं. नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हणून भागत नाही. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने’ असं पूर्ण सांगा: मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिन्हींत ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. उरतो काचो ए पेपे: पेकोरीनो चीज, मिरी आणि पास्ता उकडलेलं पाणी, बस्स. पण पेकोरीनो रोमानोसाठी दूध साकळवायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि पार्मिज्यानो चीजसाठी वासराच्या. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘अराब्बियाता, सेन्त्सा फोर्माज्जो’ मागवावा. त्यात टोमॅटो, लसूण आणि सुकी मिरची असते, आणि असं सांगितलं की वर चीज घालत नाहीत. अंडं वर्ज्य असेल तर अजून एक मेख आहे. काचो ए पेपेसाठी पुष्कळदा तोन्नारेल्ली नावाचा पास्ता वापरतात आणि त्यात अंडं असू शकतं. फेत्तुचीने या चपट्या पास्त्यात तर असतंच. सुक्या स्पागेत्तीत फक्त गव्हाचा रवा आणि पाणी असतं, म्हणून तीच मागा.

फसवणारे पदार्थही ओळखून ठेवा. सुप्ली दिसतो बटाटेवड्यासारखा, पण आतल्या भातात बहुधा खिमा असतो. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत मोझारेलाबरोबर अँचोव्ही नावाचा मासा भरतात, आणि पुन्तारेल्ले या पालेभाजीच्या कोशिंबिरीलाही त्याचंच वाटण लावतात. मिनेस्त्रोने सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. पान्ना कोत्ता या गोडाला घट्टपणा येतो प्राणिज जिलेटिनने. उलट ‘पेपेरोनी’ वाचून मांस समजून दचकू नका, इटलीत ती ढोबळी मिरची. भाज्यांत ‘चिकोरिया रिपास्साता’ जरूर घ्या. पालेभाजी उकडून लसूण-मिरचीवर परततात. मेथीसारखा कडसरपणा असतो, आपल्या जिभेला लगेच आवडते. हिवाळा सरताना आणि वसंतात आर्टिचोक ही भाजी मिळते, तेव्हा तीही सोडू नका.

पास्ता समोर आला की लगेच खायला घ्या, बाकीच्यांच्या प्लेटची वाट पाहू नका. काचो ए पेपे दोन-तीन मिनिटांत आळतो, चीजचा गोळा होतो आणि सगळी मजा जाते. काट्यात तीन-चारच धागे धरायचे, काट्याचं टोक प्लेटच्या कडेशी टेकवायचं आणि जागच्या जागी फिरवायचं. एकदम मोठा पुंजका उचलला की गुंडाळी सुटते आणि रस्सा शर्टावर उडतो. पास्ता किंचित कडक लागला तरी तो कच्चा नाही, तसाच हवा असतो. तिखट कमी वाटलं तर ‘पेपेरोन्चीनो’, म्हणजे तिखट मिरची मागा. शेवटी उरलेला रस्सा पावाने पुसून खाणं याला स्कार्पेत्ता म्हणतात. घरगुती ठिकाणी खुशाल करा, स्वयंपाक करणाऱ्याला ते पाहून बरंच वाटतं.

पाणी विकत असतं: ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिझान्ते’ बुडबुड्यांचं. मासे घेताना किमतीपुढे ‘एत्तो’ लिहिलंय का बघा. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. ६ युरो एत्तो या भावाने अर्ध्या किलोच्या माशाचे ३० युरो होतात. म्हणून शिजवण्याआधीच वजन आणि किंमत विचारून घ्या.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. तुम्हाला उठवणं त्यांच्या रीतीत बसत नाही, म्हणून ताटकळू नका. ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणा. इटलीत इतरत्र बिलावर ‘कोपेर्तो’, म्हणजे माणशी टेबलाचा आकार दिसतो. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतीय कायद्याने त्यावर बंदी आली, म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘पाने’, म्हणजे पावाचे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपली टेबलावर येताच परत द्या. एकदा हात लावलात की तो हिशोबात धरला जातो.