पहिला स्नोबोर्ड सेकंड-हँड घेताना काय बघाल?

डेन्व्हर, सिएटल किंवा टोरोंटोकडे राहणाऱ्या मराठी घरांत थंडी पडली की कुणा ना कुणाला स्नोबोर्डिंग शिकायची हौस येते. नव्या बोर्डची किंमत सहज चारशे डॉलरच्या घरात जाते, बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) आणि बूट वेगळेच. शिकाऊ माणसाने एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोर्ड जुना घ्या आणि वाचलेल्या पैशांत बूट नवे घ्या.

त्याआधी दोन-चार वेळा भाड्याच्या बोर्डवर शिका. डावा पाय पुढे ठेवणं सोयीचं वाटतं की उजवा, आणि हा खेळ मुळात आवडतो का, हे तिथेच कळतं. पुण्या-मुंबईहून वर्षातून एकदा गुलमर्गला जाणाऱ्यांनी तर विकत घेण्याच्या फंदात पडूच नये. तिथे बोर्ड भाड्याने मिळतो आणि विमानात ओझंही होत नाही.

विकतच घ्यायचं ठरलं, की जाहिराती चाळण्याआधी स्वतःचं वजन आणि बुटाचं माप कागदावर लिहा. बोर्ड उभा केल्यावर हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावा असं सांगतात, पण ती ढोबळ खूण झाली. खरा हिशोब वजनाचा असतो आणि प्रत्येक कंपनी मॉडेलनुसार त्याचा तक्ता देते. सत्तर किलोच्या शिकाऊ माणसाला साधारण १५० ते १५५ सेंटिमीटरचा बोर्ड चालतो. दोन मापांत अडलात तर आखूड घ्या, वळवायला सोपा जातो. बूट अमेरिकन पुरुषांच्या मापाने ११ किंवा मोठा असेल तर रुंद बोर्ड हवा. त्यावर आकड्यापुढे ‘डब्ल्यू’ छापलेला असतो. अरुंद बोर्डवर बुटाची टोकं बाहेर येतात, वळताना बर्फात घासतात आणि तुम्ही आपटता.

मग लवचिकता बघा. कंपन्या ती बहुधा १ (नरम) ते १० (कडक) अशा अंकांत देतात. शिकाऊंसाठी २ ते ४ ठीक. बाजारात स्वस्तात दिसणारे काही सुंदर बोर्ड मुरलेल्या खेळाडूंचे, कडक आणि वेगासाठी बनवलेले असतात. त्यांच्यावर शिकणं म्हणजे उगीच हाल. विकणाऱ्याकडून मॉडेलचं नाव आणि वर्ष घ्या आणि त्याची जुनी माहिती नेटवर शोधा. दोन्ही टोकं जरा वर उचललेला, म्हणजे रॉकर किंवा हायब्रिड आकाराचा बोर्ड नवख्याला जास्त माफ करतो, एज, म्हणजे बोर्डची पोलादी कड, चुकून बर्फात अडकण्याचे प्रसंग कमी येतात.

खरेदीला सगळ्यात चांगला काळ मार्च-एप्रिल. हंगाम संपत आलेला असतो आणि भाड्याची दुकानंही आपला माल काढायला लागतात. हिवाळ्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ठिकठिकाणी स्की स्वॅप, म्हणजे जुन्या सामानाचे बाजार, भरतात, तिथे एका छताखाली पुष्कळ बोर्ड हाताळायला मिळतात. एरवी ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’सारखी जुन्या मालाची दुकानं आणि फेसबुक मार्केटप्लेस आहेतच. ऐन डिसेंबरात मात्र भाव चढलेले असतात.

बोर्ड हातात आल्यावर घाई नको. तो पालथा करून उजेडात तिरका धरा. बारीक चरे चालतात, पांढरट कोरडा पडलेला बेस, म्हणजे बोर्डचा तळही वॅक्सने सुधारतो. पण जिथे चर इतका खोल आहे की प्लास्टिक जाऊन आतलं फायबरग्लास किंवा लाकूड दिसतंय, तिथे थांबा. मधोमध असेल तर दुकानात भरून मिळतं, एजला लागून असेल तर बोर्ड सोडा.

एजवरून नजर फिरवा, बोट नको. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. मात्र केसासारखी चीर, बाहेर फुगून आलेली कड किंवा खोल खड्डे पडलेला गंज असेल तर नाही म्हणा. भाड्याचे बोर्ड वारंवार घासून धारदार केलेले असतात, तेव्हा पोलादाची जाडी किती उरलीय तेही बघा.

आता दोन्ही टोकांशी बोर्डचे थर अंगठ्याने दाबून बघा. फट उघडत असेल तर आत पाणी शिरलेलं असणार, मग भाव कितीही पडला तरी उपयोग नाही. वरच्या रंगाचे टवके उडालेले असतील तर हरकत नाही, उलट घासाघीस करायला बरं. सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांतून तिरका डगमगतो का, म्हणजे पिळलाय का, तेही पाहा. रॉकर बोर्ड लांबीत झुलतो, तो दोष नव्हे.

बाइंडिंग काढून दाखवायला सांगा. स्वतःचा मोठा स्टार स्क्रूड्रायव्हर सोबत न्या. बोर्डमधल्या प्रत्येक भोकात स्क्रू हाताने फिरवून आत गेला पाहिजे. भोकातली आट्यांची धातूची नळी आतल्या आत गरगर फिरत असेल किंवा आटे गेलेले असतील, तर बाइंडिंग घट्ट बसणारच नाही. भोकांची रचनाही लक्षात ठेवा. बहुतेक बोर्डना गटागटाने भोकं असतात, बर्टनच्या बऱ्याच बोर्डना मधोमध लांब खाच असते आणि त्याच कंपनीच्या जुन्या बोर्डवर तीन-तीन भोकांची वेगळी ठेवण दिसते. बाइंडिंग वेगळं घेणार असाल तर त्याच्या मधली, स्क्रू बसणारी चकती या भोकांशी जुळते ना, हे आधी विचारा. बाइंडिंगच्या पट्ट्यांचे दाते झिजलेले नकोत.

बूट जुने घेऊ नका. आतलं अस्तर पहिल्या मालकाच्या पायाच्या आकाराने दबलेलं असतं, तुमची टाच उचलली जाते आणि बोर्ड ऐकत नाही. हेल्मेटही नवंच. आधी आपटलंय का, ते बाहेरून दिसत नाही.

भाव करताना एज आणि वॅक्सचा दुकानातला खर्च धरून बोला. बोर्डवरचा सिरियल नंबर खरवडलेला असेल तर माघारी फिरा, रिसॉर्टवरून बोर्ड चोरीला जातात. घरी आणल्यावर दोन्ही पायांची टोकं बाहेर वळतील असा बाइंडिंगचा कोन ठेवा, पुढचा साधारण +१५ आणि मागचा -९ अंश. पहिल्या दिवशी दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.