जुन्या पिकअपचे मागचे दिवे दुरुस्त करण्याआधी

वायरला हात लावण्याआधी कागद-पेन घ्या आणि कुणाला तरी मदतीला बोलवा. एकाने केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. पार्किंग लाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स हे आधी एकेक आणि मग दोन-दोन एकत्र लावून काय पेटतं, काय मंदावतं ते लिहून काढा. एकाच बाजूचं सगळं बंद असेल तर त्या बाजूचं अर्थिंग (करंट गाडीच्या सांगाड्यातून, म्हणजे चासीतून, बॅटरीकडे परत जाण्याची जोडणी) किंवा कनेक्टर बघायचा. दोन्हीकडचे फक्त ब्रेक लाइट गेले असतील तर आधी फ्यूज, मग पेडलजवळचा ब्रेक स्विच. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटत असेल तर संशय अर्थिंगवरच घ्या, कारण परतीची वाट न मिळालेला करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. काही पिकअपमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर चालतात. तिथे ब्रेकचा करंट स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमधून जातो, म्हणून तोही यादीत हवा.

सामान फार लागत नाही: टेस्ट लॅम्प (वायरमध्ये करंट आहे का ते पेटून दाखवणारा छोटा दिवा), मल्टीमीटर, पॉलिश पेपर, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मूळ जाडीची वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर घट्ट बसणारी नळी), क्रिम्पिंगची म्हणजे जोड दाबून बसवायची पक्कड, लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं), रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची रिंग) आणि योग्य अँपिअरचे फ्यूज. बल्ब घेताना जुना सोबत न्या. टेल आणि ब्रेक दोन्हींसाठी असलेला बल्ब बहुधा १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा असतो आणि त्याच्या बाजूच्या पिना खालीवर असतात. त्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब दाबून बसवला की दोन सर्किटं एकमेकांत मिसळू शकतात. जुन्या गाडीत आधीच्या कुणी असं केलेलं असू शकतं, तेव्हा बल्ब काढून नीट बघा.

टेस्ट लॅम्प मात्र हवाच. आतून कुजलेली, एखाद-दुसरी तार शिल्लक असलेली वायर मल्टीमीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्बचा भार पडला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजा. मल्टीमीटरचं एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या वाटेत गंज आहे. दिव्याच्या बॉडीपासून चासीपर्यंत तात्पुरती वायर जोडून पाहा. दिवे लखलखले तर दोष सापडला. मग जुना बोल्ट खोला, रंग आणि गंज घासून चकचकीत धातू उघडा करा, नवीन लग आवळा आणि वरून ग्रीस लावा. जुन्या पिकअपमध्ये हौदा रबरी पॅडवर बसलेला असतो आणि बोल्टही गंजलेले असतात, त्यामुळे हौद्याचा चासीशी संपर्क धरून चालू नका. वेगळी अर्थ वायर ओढणं उत्तम.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालायचा नाही, कधीच नाही. मोठ्या फ्यूजमुळे वायर तापून पेटू शकते आणि हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, बऱ्याचदा इंधनाच्या टाकीजवळून जातो. घासलेली जागा शोधा: वायर चासीच्या भोकातून जाते तिथे, स्प्रिंगजवळ, क्लिपा तुटून लोंबकळते तिथे. ट्रेलरसाठी मधेच टोचलेले जोड असतील तर आधी तेच उघडा, पाणी तिथूनच शिरतं.

वायर कापण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावा. जोड क्रिम्प करून त्यावर स्लीव्ह चढवा. नुसती टेप उन्हापावसात सुटते. एलईडी बल्ब बसवायचे असतील तर इंडिकेटर भराभर लुकलुकेल, त्यासाठी एलईडीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) लागेल. शेवटी इंजिन चालू ठेवून सगळे दिवे एकदम लावा, हार्नेस हाताने हलवून बघा, आणि खडबडीत रस्त्यावर फेरी मारून आल्यावर परत तपासा.