अल्फा ०.८२ आला, तरी प्रश्नावली फसलेली असू शकते: या चुका टाळा

क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर गेला की बहुतेक प्रबंधांत विश्वसनीयतेचा विषय तिथेच मिटतो. पण हा गुणांक विधानांच्या संख्येवर फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांची उत्तरं किती सोबत बदलतात, त्याचं माप) ०.३० असेल, तर १० विधानांचा अल्फा साधारण ०.८१ येतो. सहसंबंध अवघा ०.१० असला, तरी ४० विधानं कोंबली की ०.८२! एकमेकांशी जेमतेम ओळख असलेली विधानंसुद्धा अशी गर्दीच्या जोरावर पास होतात. म्हणून अल्फासोबत सरासरी आंतरविधान सहसंबंधही द्या, ०.१५ ते ०.५० दरम्यान असेल तर ठीक. उलट अल्फा ०.९५ च्या पुढे गेला, तर एकच गोष्ट शब्द फिरवून पाच वेळा विचारली आहे का, ते आधी तपासा.

बिघाड बहुधा भाषेत असतो

समजा, परीक्षेच्या चिंतेची मापनी मराठीत करायची आहे. ‘मला अभ्यासाची काळजी असते’ या विधानाला ‘पूर्ण सहमत’ म्हणणारी मुलगी चिंतेत आहे की जबाबदार आहे? ‘काळजी’ वाटते तशी घेतलीही जाते. त्यापेक्षा ‘परीक्षेच्या विचाराने झोप उडते’ हे नेमकं.

नकारार्थी विधानं तर हमखास दगा देतात. ‘मला पेपरची भीती वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं की ‘सहमत’, यात मुलं गोंधळतात. उलट गुणांकनासाठी (जिथे ‘सहमत’ला कमी गुण मिळतात) विधान हवंच असेल, तर ते होकारार्थी लिहा: ‘पेपर हातात आला तरी मन शांत राहतं.’

‘मी घाबरतो’ हे छापलं की निम्म्या प्रतिसादकांना ते आपलं वाटत नाही. ‘मला भीती वाटते’ म्हटलं की लिंगाचा प्रश्न सुटतो. पण ‘मी अभ्यास टाळतो’चं ‘अभ्यास टाळावासा वाटतो’ करू नका. त्याने वर्तनाची इच्छा झाली, मोजमापच बदललं. ‘गेल्या दोन आठवड्यांत मी अभ्यास टाळला’ असं लिहून ‘एकदाही नाही’पासून ‘रोज’पर्यंत पर्याय द्या. ‘टाळणे’सारखं सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही ते चालतं.

‘डोकं दुखतं आणि घाम फुटतो’ ही दोन विधानं आहेत. तोडा.

उलट-अनुवादावर, म्हणजे अनुवाद पुन्हा मूळ भाषेत नेऊन तपासण्यावर, विसंबून राहणं ही आणखी एक चूक. इंग्रजीतल्या वाक्प्रचाराचं ‘पोटात फुलपाखरं उडतात’ असं शब्दशः मराठी केलं, तर दुसरा अनुवादक ते तंतोतंत इंग्रजीत परत नेतो आणि तपासणी निर्दोष ठरते. ‘पोटात गोळा येतो’ हे मात्र परत जाताना बदलतं, म्हणून चुकीचं वाटतं! यावर उपाय म्हणजे ८–१० विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून विचारणं: ‘हे तुझ्या शब्दांत सांग’, ‘उत्तर देताना कोणता प्रसंग आठवला?’ दोघे एकाच जागी अडखळले की विधान बदला आणि नव्या मुलांवर पुन्हा तपासा. मगच ३०–५० जणांवर पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी. कोणतं विधान ठेवायचं हे आकड्यांवरून ठरवणाऱ्या विधान-विश्लेषणाला मात्र २०० च्या आसपास नमुना हवा. तीसजणांचा अल्फा पुढच्या तीसजणांत बराच वेगळा येऊ शकतो.

आकडे विचित्र आले तर

एखाद्या विधानाचा, ते वगळून केलेल्या एकूण गुणांशी सहसंबंध उणे आला, तर आधी उलट गुणांकन पाहा. १ ते ५ श्रेणी असेल तर ६ मधून वजा करायचं. ० ते ४ असेल तर ४ मधून. इथे ६ वापरणारे कमी नाहीत. गुणांकन बरोबर असूनही उणेच राहिलं, तर दोष वाक्यात आहे. एकूण गुणांशी असलेला हा सहसंबंध ०.३० च्या खाली असलेली विधानं संशयित धरा, पण ‘हे काढलं तर अल्फा वाढेल’ एवढ्यावरून कात्री चालवू नका. शारीरिक लक्षणांची तिन्ही विधानं अशी निघून गेली, तर उरलेली मापनी फक्त विचारांमधली चिंता मोजेल.

गूगल फॉर्ममध्ये तक्ता-स्वरूपाचे प्रश्न मोबाइलवर आडवे सरकवावे लागतात. शेवटचा पर्याय अनेकांना दिसतच नाही. प्रत्येक विधान स्वतंत्र प्रश्न म्हणून टाका.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच मुलांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं, २ ते ४ आठवड्यांनी घ्या, पण दुसरी फेरी परीक्षेच्या आठवड्यात नको, नाहीतर बदललेल्या मनःस्थितीचं खापर प्रश्नावलीवर फुटेल. शिवाय पीअरसन सहसंबंध पुरेसा नाही: सगळ्यांचे गुण सहाने वाढले तरी तो १ च येतो. गुण प्रत्यक्षात तेवढेच आले का, ही निरपेक्ष जुळणी मोजणारा आयसीसी (इंट्राक्लास सहसंबंध गुणांक) काढा. दोन्ही फेऱ्यांचे अर्ज जुळवायला नावाऐवजी कोड ठेवा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन अंक. पहिल्याच फेरीत तो विचारायला विसरलात, तर जोड्या लावता येणार नाहीत.