उतार मोजा, मगच पुढे जा: बर्फाळ डोंगरात हिमस्खलनापासून बचाव

जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के वेळा बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने. म्हणूनच कोणत्या उतारावर जायचे आणि कोणता टाळायचा, हा निर्णय बीकन (गाडलेल्याला शोधण्यासाठी रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शरीर शोधायची लांब काठी) आणि फावडे या तिन्हींपेक्षा मोठा आहे. ही साधने हवीतच, पण त्यांचे काम सुरू होते तेव्हा बरेच काही आधीच चुकलेले असते.

बर्फ सुटतो कसा

सर्वांत घातक ठरते ते स्लॅबचे हिमस्खलन. वर घट्ट जमलेला थर, म्हणजेच स्लॅब, आणि त्याखाली साखरेसारखा सुटा, एकमेकांना न चिकटणारा थर अशी त्याची रचना असते. असा कमकुवत थर दोन प्रकारे तयार होतो. कडक थंडीत पातळ बर्फाच्या तळाशी स्फटिक मोठे होत जातात, किंवा निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर चपटे स्फटिक उगवतात आणि पुढच्या हिमवृष्टीत गाडले जातात. तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि वरून दिसत नाही. त्यात एका जागी पडलेली चीर क्षणात दूरवर पसरते. त्यामुळे तुम्ही पायथ्याच्या सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतार सुटू शकतो.

स्लॅब मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, सर्वाधिक ३८ अंशांच्या आसपास. नेमके हेच उतार स्कीसाठी सर्वांत मोहाचे असतात. उतार डोळ्यांनी ठरवू नका, कोनमापकाने मोजा. नुसत्या बर्फावर कोनमापक ठेवला तर लहानसा उंचवटाही मोजमाप बिघडवतो, म्हणून आधी स्कीची काठी वरून खाली, उताराच्या दिशेने बर्फावर ठेवा आणि तिच्यावर मापक टेकवा. घरी नियोजन करताना १:२५,००० नकाशावर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा एकमेकींपासून १.४ मिलिमीटरपेक्षा जवळ असतील, तर तेथील उतार ३० अंशांहून तीव्र आहे. मात्र १०-१५ मीटर उंचीचा तीव्र टप्पा दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो. पायाखालचा उतार सौम्य असला तरी वर काय लटकते आहे, तेही पाहा.

निघण्यापूर्वी

हिमस्खलनाचा इशारा पाच पातळ्यांत दिला जातो: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिजास्त. तिसरी पातळी मधली दिसते म्हणून माणसे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात धोका पायरीगणिक सारखा वाढत नाही, झपाट्याने वाढतो. तिसऱ्या पातळीवर एका माणसाच्या वजनाने स्लॅब सुटणे अगदी शक्य असते आणि बरेच मृत्यू याच पातळीवर होतात. त्या दिवशी ३० अंशांखाली राहा. आकड्याइतकेच बारकाईने हेही वाचा: धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे, किती उंचीवर, आणि कारण काय, ताजा बर्फ, वारा की जुना कमकुवत थर?

वाटेत काय पाहायचे

आजूबाजूला ताजी हिमस्खलने दिसणे, पायाखालचा बर्फ ‘धप्प’ आवाज करून खचणे, स्कीपासून पुढे चिरा धावत जाणे: यातले एक जरी दिसले तरी तीव्र उतार सोडून द्या. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर ताजा बर्फ, त्यावर पाऊस किंवा अचानक वाढलेली ऊब, हेही तितकेच गंभीर. वाऱ्याला अनेक जण विसरतात. तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून वाऱ्याआडच्या बाजूला टाकतो, तेही हिमवृष्टीच्या कित्येक पट वेगाने. त्यामुळे आकाश स्वच्छ असतानाही उतारावर भार वाढत राहतो.

खड्डा खणून थर तपासणे शिकण्यासारखे आहे, पण तो निकाल फक्त त्या एका जागेचा असतो. वाईट निकाल आला तर बेत बदला. चांगला आला म्हणून आधी नाकारलेल्या उतारावर जाऊ नका.

धोक्याचा उतार ओलांडताना एका वेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. अरुंद घळीपासून विशेष जपा: तेथे छोटे हिमस्खलनसुद्धा माणसाला खोल गाडते. खाली कडा किंवा झाडे असतील तर आदळूनच जीव जाऊ शकतो.

साधने

बीकन तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झचा हवा. आज मिळणारे बीकन याच वारंवारतेवर चालतात. तो पिशवीत नको, अंगावर आतल्या थरात बांधा. फोनपासून प्रक्षेपणात (संकेत पाठवताना) २० आणि शोधात (दुसऱ्याचा संकेत पकडताना) ५० सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर खोटे संकेत मिळतात. निर्मात्याने सांगितलेल्याच बॅटऱ्या घाला. प्रोब किमान २४० सेंटिमीटर आणि फावडे धातूचेच. घट्ट ढिगाऱ्यात प्लास्टिकचे मोडते. निघताना प्रत्येकाचा बीकन प्रक्षेपण आणि शोध दोन्हींत तपासा.

सापडलात तर

ओरडा, कडेकडे निसटायचा प्रयत्न करा, पाठपिशवीत एअरबॅग (फुगून माणसाला वर ठेवणारी पिशवी) असेल तर तिची मूठ लगेच ओढा, काठ्या सोडा. वेग मंदावू लागताच एक हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा. बर्फ थांबल्यावर बोटही हलत नाही.

सोबत्याचा शोध

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासाने शक्यता एक-तृतीयांशाच्या आसपास येते. बचावपथक इतक्यात पोहोचणे जवळपास अशक्य, म्हणून वाचवणारे तुम्हीच. दोघे-तिघे असाल तर एकाने लगेच मदतीसाठी फोन करावा. एकटे असाल तर आधी शोधा.

वरून आणखी बर्फ येणार नाही याची खात्री करा. शेवटी दिसलेली जागा लक्षात ठेवा आणि तिच्या खालचा भाग धरा. सर्वांचे बीकन शोधावर घ्या. एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तर सगळे त्याच्याच मागे फिरतात. ४० मीटर रुंदीच्या पट्ट्यांत चाला आणि बर्फावर टोपी, हातमोजा दिसतो का ते पाहत राहा. संकेत मिळाला की बीकनच्या पडद्यावरील बाणाच्या मागे जा. वाट वळणदार निघते, ते बरोबरच आहे. दहा मीटरच्या आत वेग कमी करा. तीन मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवा, फिरवू नका, आणि सरळ व आडवे सरकवत सर्वांत कमी आकड्याची जागा शोधा. तेथून बाहेरच्या दिशेने गोलाकार, दर २५ सेंटिमीटरवर, उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात प्रोब टोचा. शरीर लागले की प्रोब तिथेच राहू द्या.

खणायला थेट प्रोबच्या डोक्यावर सुरुवात करू नका. खाली दबलेल्याची श्वासाची पोकळी बुजते. उताराच्या खालच्या बाजूने, गाडल्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावरून आत शिरा. एक मीटर खोलीसाठीही टनाहून अधिक बर्फ हलवावा लागतो, म्हणून पुढचा माणूस थकण्याआधीच बदला. सर्वप्रथम चेहरा मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा, मग छाती. श्वास नसेल तर आधी पाच कृत्रिम श्वास द्या, नंतर छाती दाबणे सुरू करा. वाचलेल्याला आडवेच, हळुवार हलवा, गरम ठेवा आणि ठीक वाटला तरी डॉक्टरकडे न्या.

हे सर्व हंगामाच्या सुरुवातीलाच सरावाने हातात बसवा. प्रक्षेपणावरचा बीकन जाड पिशवीत घालून एक मीटर खोल पुरा, जागा ज्याला माहीत नाही त्याने शोधावे, आणि प्रोब पिशवीला लागण्यापर्यंतचा वेळ मोजा. दुसऱ्या फेरीत दोन बीकन दहा मीटरच्या अंतरात पुरा. एकमेकांत मिसळलेल्या संकेतांचा गोंधळ तिथेच कळतो.